जेल धनलक्ष्मी

ते एक वाक्य धनलक्ष्मीनं बसमध्ये मनातल्या मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. मराठीत म्हटलं की आपल्याच कानाला ते फार उघडं वाटायचं. कन्नडमध्ये म्हटलं की पोलीस ठाण्यातलं बोलणं वाटायचं. हिंदी तिला धड येत नव्हती. शेवटी समोरची बाई ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत सांगून टाकायचं, असं ठरवून ती बेंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्याच्या ऑफिसात जाऊन बसली.

याआधी तिनं दोन्ही करून पाहिलं होतं. एका शिवणकामाच्या युनिटमध्ये खरं सांगितलं, तर समोरच्या माणसानं "सरी, सरी, बरं, कळवतो" म्हणून पुढच्या बाईला आत बोलावलं. एका वृद्धाश्रमात काही सांगितलं नाही. तिथं काम लागलं, म्हाताऱ्या तिला नावानं हाक मारायला लागल्या, आणि मग पोलिसांकडून तपासणी होऊन आली. वॉचमन तिला फाटकापर्यंत सोडायला आला. डबा आत राहिलाय, एवढं ती म्हणाली, पण त्यानं तिला परत आत जाऊ दिलं नाही. त्या दिवशी रस्त्यावरून चालताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सगळं माहीत आहे असं तिला वाटत राहिलं.

या कारखान्याचं नाव तिला एका संस्थेनं सुचवलं होतं. तुरुंगातून सुटलेल्या बायकांना राहायला जागा आणि काम मिळवून देणं हे त्या संस्थेचं काम. कारखान्यात सलाईनच्या नळ्या तयार व्हायच्या. त्या तपासून, गुंडाळून पाकिटात भरायला बायका लागायच्या.

ऑफिसातली मुग्धा मॅडम पुण्याची निघाली. तिशीतली, बेळ्ळंदूरहून रोज गाडी चालवत येणारी, बोलायला मोकळी. धनलक्ष्मी निपाणीकडची, मराठी बोलणारी, हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. धनलक्ष्मीनं ते वाक्य सुरू केलं, "मॅडम, मी शिक्षा भोगून..." तर मुग्धानं हात वर करून तिला थांबवलं.

"ताई, मला माहितीये. संस्थेनं सांगितलंय. तुमचा पास्ट हा तुमचा प्रायव्हेट मॅटर आहे. आम्ही इथे कैदी, गुन्हेगार असले शब्द वापरतच नाही. तुम्हाला काम करायचंय ना? मग झालं."

कशासाठी शिक्षा झाली, ते तिनं विचारलं नाही. धनलक्ष्मीला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच परतीच्या बसमध्ये लाज वाटली.

तिचा गुन्हा असा होता. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी येऊन राहिली होती. घरात आई, भाऊ आप्पाजी आणि आप्पाजीची बायको सिद्धी. सिद्धी हसरी होती, पण तिला मूल होत नव्हतं आणि ती आईच्या मनातून उतरली. मग आप्पाजीच्याही. धनलक्ष्मीला माहेरात जागा टिकवायची होती. ती आईच्या बाजूला जाऊन बसली आणि मग बसूनच राहिली. लग्नाला चार वर्षं होत आली तेव्हा सिद्धीनं जीव दिला. कोर्टानं तिघांनाही दोषी ठरवलं. आई तुरुंगातच वारली. आप्पाजी सुटल्यावर गोव्याकडे गेला, असं कुणीतरी सांगितलं होतं. धनलक्ष्मी गावाकडे फिरकलीच नाही.

कारखान्यात काम चांगलं चाललं. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. नुसते डोळे दिसायचे, आणि ते तिला बरं वाटायचं. पॅकिंगमध्ये आणखी एक धनलक्ष्मी होती, तुमकूरची, विशीतली. म्हणून हिला सगळ्या मोठी धनलक्ष्मी म्हणायच्या. जेवायच्या सुट्टीत ती गंगव्वाजवळ बसायची. गंगव्वा चिक्कोडीकडची, वयानं मोठी, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारी. बेंगळुरात येऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती, पण आपल्या भागातलं मराठी ऐकायला मिळालं की ती खुलायची. ती धनलक्ष्मीला धनू म्हणायला लागली. ज्वारीची भाकरी आणली की अर्धी तिच्या डब्याच्या झाकणात ठेवायची.

गंगव्वाचं बोलणं फिरून फिरून मुलीवर यायचं. रम्याचं लग्न होसकोट्याला झालं होतं. जावई नागराज तिथल्याच कारखान्यात कामाला. घर चांगलं आहे, सासूला स्वयंपाक नीट लागतो, नणंद अजून लग्नाची आहे, असं ती सांगायची. धनलक्ष्मी ऐकायची. नणंदेचा उल्लेख आला की ती खाली बघून घास मोडायची. इतकी वर्षं कुठं होतीस, असं गंगव्वानं एकदा विचारलं, तेव्हा आईच्या दुखण्यात गेली असं तिनं सांगितलं. ते सगळंच खोटं नव्हतं, म्हणून बोलताना जीभ अडखळली नाही.

वर्षभरानं कंपनीचा कार्यक्रम ठरला. मुंबईहून मोठे साहेब येणार होते. दोन दिवस आधी मुग्धानं तिला बोलावून घेतलं. कंपनीनं वर्षभरात काय काय चांगलं केलं ते सांगायचं आहे, त्यात तुमच्याबद्दल दोन वाक्यं बोलले तर चालेल का, असं तिनं विचारलं. नाव घेणार नाही, फक्त शेवटी उभ्या राहा, साहेबांना बरं वाटेल. धनलक्ष्मीला नाही म्हणायचं होतं. पण नोकरी देणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते तिला माहीत नव्हतं. ती "बरं" म्हणाली.

कार्यक्रमात मुग्धा इंग्रजीत बोलत होती आणि पॅकिंगचे सुपरवायझर दामोदर दुसऱ्या माइकवरून कामगारांसाठी कन्नडमध्ये सांगत होते. मुग्धानं धनलक्ष्मीसाठी एक लांबलचक, मऊ इंग्रजी शब्द शोधून काढला होता. दामोदरना तो कळला नाही. त्यांनी वाकून हिंदीत विचारलं. मुग्धा त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मग ते माइककडे वळले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "जैलिंद बंदवरु." जेलमधून आलेल्या.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या शब्दाचा अर्थ तोच होता आणि कन्नडमध्ये त्याला दुसरं काही म्हणत नाहीत. मंडपात कुजबुज झाली. मुग्धा हसून हातानं खूण करत होती. धनलक्ष्मी उभी राहिली. पहिल्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्यातच गंगव्वा होती, आणि त्या दिवशी मास्क कुणाच्याच तोंडाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा समज चोरीचा होता. कुणी पर्स कपाटातून काढून कमरेला खोचली, कुणी कानातलं चाचपलं. ते तिला सोसलं असतं. पण आठवड्याच्या आत कुणाच्या तरी भाचीनं मोबाइलवर जुनी बातमी शोधून काढली. त्यात तिचं नाव होतं, आईचं होतं, आप्पाजीचं होतं आणि सिद्धीचा लग्नातला फोटो होता. तो फोटो दुपारपर्यंत सगळ्या मोबाइलवर फिरला.

त्यानंतर तिच्याशी कुणी भांडलं नाही. बाकावर ती बसली की शेजारची उठायची, एवढंच. तुमकूरची धनलक्ष्मी दामोदरकडे गेली आणि म्हणाली, सर, तिच्या नावानं मला हाक येते, माझं पुढं लग्न व्हायचंय. दामोदरनी काही नियम केला नाही. पण त्या दिवसापासून मोठी धनलक्ष्मी, लहान धनलक्ष्मी हे बंद झालं. लहानीला नुसतं धनलक्ष्मी म्हणायला लागले आणि हिला जेल धनलक्ष्मी. पाकिटांचा खोका हवा असला तरी, "जेल धनलक्ष्मीकडं आहे बघ." महिन्याभरात त्यातला राग निघून गेला. पाण्याचा नळ, मागचा जिना म्हणावं तसं ते नाव सहज तोंडी बसलं. तेच तिला जास्त लागलं.

गंगव्वा डबा घेऊन दुसऱ्या टोकाला बसायला लागली. एकदा हात धुवायच्या जागी दोघी समोरासमोर आल्या. गंगव्वा हलक्या आवाजात म्हणाली, "चोरी केली असतीस तर बसले असते गं तुझ्याजवळ." आणि ओले हात पदराला पुसत निघून गेली.

धनलक्ष्मी मुग्धाकडे नोकरी सोडायला गेली. बातमी मुग्धापर्यंत पोचली होती. नेहमी उठून "या ताई" म्हणणारी ती, या वेळी खुर्चीतच बसून राहिली. तिचा चेहरा उतरला होता. स्टेजवर असं व्हायला नको होतं, त्याबद्दल सॉरी, असं ती म्हणाली. मग थोडा वेळ पेन फिरवत राहिली.

"मला वाटलं होतं, काहीतरी छोटं असेल," ती म्हणाली. "म्हणजे चोरी, नाहीतर कुणीतरी फसवलं असेल. अशा केसेसमध्ये कधी कधी घरातल्या सगळ्यांचीच नावं घालतात ना? तुम्ही नुसत्या त्या घरात होतात. तुम्हाला उगीच अडकवलं, असंच असेल ना?"

तिच्या आवाजात अजिजी होती. धनलक्ष्मीला कळलं की हिला होकार हवा आहे. एकदा हो म्हटलं की ही परत ताई म्हणेल, खाली जाऊन चार जणींना सांगेल, कदाचित गंगव्वालाही. कोर्टात वकिलानंही हेच म्हटलं होतं आणि तेव्हा ती मान हलवत होती.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "अडकवलं नाही. मी केलं होतं."

मुग्धाचा हात नकळत टेबलावरून मागे गेला. तो मागे गेलेला दोघींनाही दिसला, आणि मुग्धा ओशाळली. थोड्या वेळानं ती म्हणाली, की राजीनामा देऊ नका, कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण "ताई" ती म्हणाली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. पुढच्या महिन्यात संस्थेतल्या आणखी दोघी मुलाखतीला यायच्या होत्या. त्यांना सध्या थांबा असं कळवण्यात आलं, आणि गुन्हा कोणता ते आधी सांगावं असंही. त्यातली एक धनलक्ष्मीच्याच खोलीत राहत होती. तिनं विचारलं, काय झालं गं तिथं? धनलक्ष्मीला तिच्याकडे बघून उत्तर देता आलं नाही.

ती नोकरीवर जात राहिली. दुसरीकडे जाऊन तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं.

गौरीचा सण येऊन गेला. त्यानंतरच्या एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर ती बसथांब्याकडे निघाली, तर मागून गंगव्वा आली. कितीतरी महिन्यांनी ती अशी जवळ आली होती. होसूर रस्त्यावर लॉऱ्यांची रांग लागली होती आणि त्यांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून दोघी एका बंद दुकानाच्या पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सासरच्यांनी रम्याला गौरीला पाठवलं नाही," गंगव्वा म्हणाली. "पाहुणे आहेत म्हणाले. उगादीलाही असंच झालं. नागराजला विचारलं तर ती बरी आहे म्हणतो. तीही फोनवर बरी आहे म्हणते." धनलक्ष्मीकडे न बघता तिनं विचारलं, "तुमच्या घरात काय करत होता तिला? तुला विचारायचं म्हटलं तर जीभ उचलत नव्हती. पण दुसऱ्या कुणाला विचारू? ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत असणार."

धनलक्ष्मीनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. कोर्टात जे सांगितलं गेलं ते शेजाऱ्यांनी ऐकलेलं आणि सिद्धीच्या आईनं रडून सांगितलेलं होतं. खरं काय होत होतं ते त्यात नव्हतं. ती बोलायला लागली तेव्हा आपला आवाज तिला दुसऱ्याच बाईचा वाटला.

"मारत नव्हतो आम्ही. अंगाला हात नाही लावला कुणी. तिला नावानं हाक मारायची सोडली. आई मला सांगायची, तिला सांग पाणी तापव, आणि ती तिथंच उभी असायची. मी तिच्याकडं बघून हसायची. जेवायला बसली की आई म्हणायची, या घरात नुसतं खाणारंच तोंड आलं. त्यावरही मी हसायची. तिनं माझ्याकडं बघितलं की जास्तच हसायची."

गंगव्वा ऐकत होती.

"तिच्या आईचा फोन आला की मी शेजारी जाऊन उभी राहायची. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच उभी राहायची."

"मग ती काय बोलायची?"

"बरी आहे म्हणायची. आईनं विचारायच्या आधीच म्हणायची, मोठ्यानं, भराभरा. आणि आपण होऊन काही विचारायची नाही. पहिल्यांदा आली तेव्हा फोनवर गावातलं सगळं विचारायची, गाईचं, मैत्रिणींचं. नंतर काही नाही. बोलणं लांबेल असं काहीच बोलायची नाही. तिच्या आईला वाटलं, पोरगी सासरी रमली."

गंगव्वाचा हात तोंडावर गेला. रम्या आधी प्रत्येक फोनला माहेरच्या घराखाली राहणाऱ्यांच्या बाळाचं विचारायची. ते बाळ आता चालायला लागलं होतं आणि रम्यानं त्याचं नाव काढल्याला वर्ष होत आलं होतं. हे तिनं धनलक्ष्मीला सांगितलं नाही, स्वतःशीच पुटपुटली.

"फोन करून जाऊ नका," धनलक्ष्मी म्हणाली. "येतो म्हणून सांगितलं की ते तिला चांगली साडी नेसवून बसवतील. आम्ही तसंच करत होतो."

त्यावर गंगव्वानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात आभार नव्हते. ती बसची वाट न बघता समोरून आलेल्या ऑटोत बसली आणि गेली.

पुढचे दोन दिवस ती कामावर आली नाही. मग आली तेव्हा दुसऱ्या बायकांना सांगताना धनलक्ष्मीच्या जे कानावर आलं ते असं होतं. ती नवऱ्याला घेऊन सकाळीच होसकोट्याला गेली. रम्या दारातच दिसली, ओळखू येऊ नये इतकी वाळलेली. तिचा मोबाइल सासूच्या उशाखाली असायचा. गंगव्वा तिथं एक शब्द भांडली नाही. माझी तब्येत बरी नाही, चार दिवस मुलीला नेते, असं म्हणून तिनं रम्याला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. बस होसकोट्याबाहेर पडेपर्यंत रम्या गप्प होती आणि मग आईच्या खांद्यावर डोकं टेकून तिनं खालच्या बाळाचं नाव विचारलं, कारण ती ते विसरली होती. नागराज नंतर दोनदा न्यायला आला. रम्या गेली नाही.

बायका गंगव्वाला म्हणाल्या, आईच्या मनाला कळतंच. गंगव्वा हो म्हणाली. धनलक्ष्मी पलीकडच्या टेबलाशी नळ्या गुंडाळत होती. तिचं नाव निघालं नाही आणि ते निघू नये असंच तिला वाटत होतं. रात्री मात्र तिला सिद्धीची आई आठवली. कोर्टात ती रोज एकाच जागी बसायची, आणि मला कळलं कसं नाही, मला कळलं कसं नाही, एवढंच म्हणत राहायची. तेव्हा धनलक्ष्मीला तिचा राग यायचा.

संक्रांतीनंतर रम्याला त्याच कारखान्यात काम लागलं. ती यायच्या आदल्या दिवशी गंगव्वा धनलक्ष्मीच्या टेबलापाशी आली. तिनं मास्क खाली ओढला.

"तू सांगितलंस म्हणून माझी पोर हाती लागली," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. पण तिथं फोनपाशी तिची नणंद उभी असायची. रम्यानं सांगितलं मला. तुझ्याकडं बघितलं की मला आता ती पोरगी दिसते." तिनं टेबलावरची एक नळी उगीच सरळ केली. "रम्याला तुझं काही माहीत नाही. बायका सांगतीलच कधीतरी. तोवर तू तिच्याशी बोलू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

"सरी अक्का," धनलक्ष्मी म्हणाली.

मास्क वर करून गंगव्वा आपल्या जागी गेली.

दुसऱ्या दिवशी रम्या आली. टोपी आणि मास्क यांच्यामधून तिचे डोळे गंगव्वासारखेच दिसत होते. दामोदरनी तिला काम दाखवलं आणि ते दुसरीकडे गेले. थोड्या वेळानं भरलेल्या पाकिटांचा ट्रे दोन्ही हातांत धरून ती गोंधळून इकडेतिकडे बघू लागली. सगळ्यात जवळ धनलक्ष्मी होती.

"अक्का, हे कुठं ठेवायचं?"

आवाज कोवळा होता. नवीन घरात आलेल्या मुलीचा असतो तसा, विचारू की नको असा. धनलक्ष्मीनं हातातली नळी खाली ठेवली. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. खिडकीखालच्या मांडणीकडे बोट केलं, आणि रम्या त्या मांडणीपर्यंत जाऊन ट्रे नीट ठेवेपर्यंत ते खाली घेतलं नाही.

परत जाताना रम्यानं तिच्याकडे बघून मान हलवली. पुढच्या टेबलाशी जाऊन तिनं तिथल्या बाईला हळूच विचारलं, त्या अक्कांना बोलता येत नाही काय?

त्या बाईनं काय उत्तर दिलं ते धनलक्ष्मीला ऐकू आलं नाही. तिनं मान खाली घातली आणि नळी पुन्हा गुंडाळायला घेतली.